खुलभर दुधाच्या कहाणीची थीम नक्की काय? (लेकीचा गृहपाठ, मदत हवी)

सायली_जर्सी

नमस्कार मंडळी, दोनतीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

लेक आठवीत आहे, इकडे न्यू जर्सीत. शाळेत लँग्वेज आर्ट्सला 'युनिव्हर्सल थीम' चालू आहे. आपल्या घरात सांगितली जाणारी एखादी गोष्ट घ्यायची, तिची थीम ओळखायची, आणि मग तीच थीम घेऊन स्वतःची छोटी गोष्ट लिहायची. हिने श्रावणात आजी फोनवर वाचून दाखवते त्यातली सोमवारची कहाणी घेतली, खुलभर दुधाची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, राजाला वाटतं महादेवाचा गाभारा दुधानं भरावा, म्हणून दवंडी पिटतो की सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणून ओता. लोक घाबरून पोराबाळांचं, वासरांचं दूध नेऊन ओततात पण गाभारा काही भरत नाही. मग दुपारी एक म्हातारी येते खुलभर दूध घेऊन, ती ओतते आणि गाभारा भरतो.

तर लेकीने थीम लिहिली 'दान'. बाईंनी शेरा मारला की हा विषय झाला, थीम नाही, दानाबद्दल गोष्ट काय म्हणते ते पूर्ण वाक्यात लिही. रात्री अकरा वाजता मला विचारते, आई गोष्ट काय म्हणते? मी सॉफ्टवेअरवाली बाई, मला गोष्ट काही म्हणाली नाही कधी. शेवटी दोघींनी मिळून लिहिलं, 'श्रद्धेने दिलेलं थोडंसुद्धा पुष्कळ असतं'. बरोबर आहे का हे? मला का कोण जाणे पटत नाहीये पण काय चुकतंय ते कळत नाहीये. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

ठोंब्या

मी पयला!!

थीम: कुठलाही प्रकल्प हाती घेण्याआधी प्रधानाने गाभाऱ्याचं घनफळ काढावं. आणि महादेवाच्या गाभाऱ्यात पन्हाळी असते तिला बूच लावावं.

(दिवे घ्या ताई, म्हणजे गंमत समजा, पॉपकॉर्न घेऊन बसलोय, मास्तर येतीलच आता)

जुना_मास्तर

आलो. ठोंब्या, बाकावर उभा राहा.

सायलीताई, तुमच्या मुलीच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात मराठी शिकवलं आणि एकतीस वर्षं ह्याच एका गोष्टीवर पोरांशी भांडलो. आपल्याकडे पेपरात 'मध्यवर्ती कल्पना लिहा' असा प्रश्न असायचा आणि गाइडात उत्तर छापलेलं असायचं, 'या पाठातून आईचे प्रेम दिसून येते'. दिसून येते! म्हणजे खिडकीतून डोंगर दिसतो तसं. चार मार्कं मिळायची, विषय संपायचा.

आता बघा. विषय म्हणजे गोष्ट कशाबद्दल आहे. कथानक म्हणजे काय काय घडलं. आणि आशयसूत्र, ज्याला तुम्ही थीम म्हणता, म्हणजे घडलं त्यातून त्या विषयाबद्दल गोष्ट काय दावा करते. 'श्यामची आई' घ्या, १९३५ चं पुस्तक, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, घरोघरी आहे. विषय काय, तर आई, ह्यात वादच नाही. पण त्यात श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो, तेव्हा हीच आई त्याला शिमटीने झोडून विहिरीवर पाठवते आणि परत आल्यावर दही देते. आता 'आईचे प्रेम दिसून येते' असं लिहिलंत तर तो मार कुठे बसवणार? तिथे सूत्र असं काहीतरी होतं की ज्या मायेला पोराचा भित्रेपणा चालतो ती माया अपुरी आहे. हे वाक्य कोणाला पटेल, कोणाला नाही, आजकाल तर बऱ्याच जणांना नाही पटणार. माझी कसोटी तीच होती. तुमच्या वाक्याला कोणी 'हॅ, मला नाही पटत' म्हणू शकतं का? 'आई' ह्या शब्दाला कोण नाही म्हणणार? 'दान' ला कोण म्हणणार? म्हणून तो विषय.

तुमचं दुसरं वाक्य ह्या कसोटीला उतरतं. पण तुम्हाला पटत नाहीये म्हणालात ना, ते लाखमोलाचं आहे, ते सोडू नका. कहाणी परत वाचा, घाईने नको, आणि सांगणारी बाई कुठे रेंगाळते ते बघा. गोष्टीत जिथे उगाच तपशील वाढलेला दिसतो तिथे थांबायचं.

वसईकर

सायली, मस्त धागा. वाचता वाचता अंगावर काटा आला कारण आमच्याकडे अगदी हीच गोष्ट आहे. बायबलमध्ये मार्कच्या बाराव्या अध्यायात, लूकमध्येपण आहे. येशू मंदिरातल्या दानपेटीसमोर बसलेला असतो, श्रीमंत लोक भरपूर पैसे टाकत असतात, मग एक गरीब विधवा येते आणि तांब्याची दोन छोटी नाणी टाकते. आणि तो शिष्यांना म्हणतो की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. लहानपणी दर वर्षी हे प्रवचनात ऐकलंय आणि मग पेटी फिरायची, तेव्हा आईने दिलेले आठ आणे मुठीत गरम झालेले असायचे 😀

म्हणजे सेम थीम! म्हातारीचं खुलभर दूध, विधवेची दोन नाणी. युनिव्हर्सल म्हणतात ते हेच.

मंजिरी_प

वसईकर +१

आणि सुदाम्याचे पोहे विसरलात का? फडक्यात बांधलेले मूठभर पोहे, तेही बायकोने शेजारपाजारून मागून आणलेले, द्वारकेत पोचल्यावर लाजून लपवतो. आणि महाभारतातलं ते मुंगूस! युधिष्ठिराचा अश्वमेध पार पडतो, सगळे वाहवा करतायत आणि अर्धं अंग सोन्याचं असलेलं मुंगूस येऊन सांगतं की ह्या यज्ञाला त्या ब्राह्मणाच्या शेरभर सातूची सर नाही. तो ब्राह्मण, बायको, मुलगा, सून, चौघं उपाशी, कसेबसे दाणे वेचून आणलेले, आणि अतिथी आल्यावर एकेक करून चौघंही आपापला वाटा त्याला देऊन टाकतात. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं, उरलेलं अर्धं व्हावं म्हणून ते प्रत्येक यज्ञात जाऊन लोळतं आणि होत नाही. मला ही गोष्ट प्रचंड आवडते, विशेषतः त्या मुंगसाचा निराश चेहरा डोळ्यासमोर येतो.

तर सायली, चार चार गोष्टी एकच सांगतायत, थोड्यांतून दिलेलं मोठं. लिहून टाक बिनधास्त.

बारा_म्हशी

थांबा जरा सगळे. मी साहित्यातला नाही, दुधातला आहे. नावात बारा आहेत, गोठ्यात आता नऊ म्हशी आणि तीन गाया.

आमच्या घरी ही कहाणी आजी दर सोमवारी वाचायची आणि आजोबा बाहेर बसून माना डोलवायचे. माझ्या मते तुम्ही सगळे चुकताय. म्हातारीने थोडं दिलं हा मुद्दाच नाही. कहाणीत नीट लिहिलंय, तिने आधी घरचं कामकाज आटपलं, पोराबाळांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांना चारा घातला, आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन गेली. उरलेलं. त्या विधवेने होतं नव्हतं ते टाकलं, त्या ब्राह्मणाच्या घरच्यांनी तोंडातला घास दिला. म्हातारीने कुणाच्या तोंडचं काढलं नाही, आणि तिचाच गाभारा भरला.

आणि हे उगाच देवाधर्माचं नाहीये. वासरू प्यायल्याशिवाय देशी गाय पान्हाच सोडत नाही, म्हैस तर त्याहून हट्टी. वासरू आचळाला लावायचं, त्याने दोन ढुशा मारल्या की कास भरते, मग त्याला दाव्याला ओढून धार काढायची आणि शेवटी परत त्याला सोडायचं. वासरू दगावलं तर जुने लोक कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभं करायचे, तिने चाटलं की मग दूध. आता लोक इंजेक्शनं मारतात ते वेगळंच पाप. तर ज्या राजाने वासरांचं दूध तोडलं त्याच्या राज्यात दूध आटणारच की हो. पहिल्या सोमवारी गाभारा अर्धा भरला असेल, दुसऱ्या सोमवारी पाव. गाय दूध चोरते म्हणतात आमच्याकडे. देव पण चोरतो असं समजा.

सायली_जर्सी

अरे देवा. हेच! हेच पटत नव्हतं मला!!

जुना_मास्तर

बारा_म्हशी, तुम्ही कुठल्या शाळेत होतात? माझ्या वर्गात असतात तर मी तुम्हाला खडू देऊन मागे जाऊन बसलो असतो.

मंडळी, हे जे झालं ते फार महत्त्वाचं आहे. चार गोष्टी शेजारी ठेवल्या, चारही ठिकाणी कुणीतरी थोडं देतंय आणि ते मोठं ठरतंय, म्हणून आपण म्हणालो सूत्र एक. दिसायला सारखं ते एक प्रसंगाचं रूप. पण आतला दावा बघितला तर विधवेची आणि मुंगसाची गोष्ट म्हणते, स्वतःला लागेल तेवढंही हातचं न राखता दिलं ते खरं दान. कहाणी म्हणते, ज्यांचा पहिला हक्क आहे त्यांना उपाशी ठेवून दिलेलं देवाला पोचत नाही. एक म्हणते सगळं दे, दुसरी म्हणते सगळं मागू नकोस. विषय एक, सूत्र जवळजवळ उलटं. सुदाम्याचं तर तिसरंच, तिथे दान नाहीच, तिथे दोस्ती आहे, श्रीमंत मित्रापुढे गरीब मित्राला वाटणारी लाज आणि ती लाज मित्राने कशी पुसली ते.

कहाणीची खरी जुळी बहीण हवी असेल तर संत एकनाथांची आख्यायिका आठवा. कावडीतून गंगा घेऊन रामेश्वराला निघालेत, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसतं, नाथ कावड त्याच्या तोंडात रिकामी करतात. देव वाट बघेल, जीव वाट बघणार नाही.

वसईकर

बारा_म्हशी, हरलो. पण एक गोष्ट सांगायची राहिली जी मलाही मोठेपणीच एका फादरांच्या वर्गात कळली. त्या दोन नाण्यांच्या अगदी आधीच्या ओळींमध्ये येशू शास्त्र्यांवर चिडलेला आहे, लांब झगे घालून मिरवतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात म्हणून. आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हणतो हे मंदिर पडणार आहे, दगडावर दगड राहणार नाही. मधे ही विधवा. त्यामुळे काही अभ्यासक असं वाचतात की तो तिचं कौतुक करतच नाहीये, तो दुःखाने सांगतोय की बघा, हिच्याकडे जगायला होतं तेवढंही ह्या व्यवस्थेने काढून घेतलं.

आता असं वाचलं तर विधवेची गोष्ट परत म्हातारीच्या कहाणीच्या शेजारी येऊन बसते की नाही? राजाची दवंडी आणि मंदिराची पेटी. मला स्वतःला दोन्ही वाचनं एकाच वेळी खरी वाटतात, आणि ते आठ आणे आठवले की पहिलं जास्त.

उंटावरचा

चर्चा छान चाललीये म्हणून विरजण घालतो.

मुळात युनिव्हर्सल हा शिक्का कोण मारतं? आमच्या गावातल्या माणसाने गावाबद्दल लिहिलं की ते 'ग्रामीण', दलिताने लिहिलं की 'दलित', बाईने लिहिलं की 'स्त्रीवादी', आणि लंडनच्या माणसाने लंडनबद्दल लिहिलं की एकदम वैश्विक. नेमाड्यांचा देशीवाद, म्हणजे साहित्याची मुळं आपल्याच मातीत हवीत हा विचार, सगळाच्या सगळा मला झेपत नाही पण ह्या बाबतीत ते लोकांच्या वर्मावर बोट ठेवतात. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेने सत्तरच्या दशकात वैतागून म्हटलं होतं की आफ्रिकन साहित्यावर बोलताना युनिव्हर्सल ह्या शब्दावर बंदीच घालावी, कारण युरोपवाले स्वतःच्या गल्लीलाच जग समजून तो वापरतात.

आणि एक मजा सांगतो. लॉरा बोहॅनन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई होत्या, नायजेरियातल्याच तिव लोकांत राहिलेल्या, १९६६ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. ह्यांची खात्री होती की शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' नाटक कुणालाही कळेल, माणूस सगळीकडे सारखाच. म्हणून पावसाळ्यात कामं बंद असताना तिथल्या म्हाताऱ्यांना त्यांनी हॅम्लेट सांगायला घेतलं. म्हातारे म्हणाले, नवरा मेल्यावर दिराने भावजयीशी लगेच लग्न केलं? अगदी योग्य केलं, नाहीतर तिचं शेत कोण कसणार? बापाचं भूत? भूतबीत काही नसतं, चेटकिणीने पाठवलेला शकून असणार तो. शेवटी त्या म्हाताऱ्यांनीच बाईंना समजावलं की तुमच्या गोष्टीचा खरा अर्थ असा असा आहे, घरी जाऊन तुमच्या वडीलधाऱ्यांना सांगा, आणि अशाच आणखी गोष्टी घेऊन या, आम्ही अर्थ सांगू.

तर जिथे हॅम्लेटची ही गत तिथे आपल्या म्हातारीला न्यू जर्सीच्या चौकटीत कशाला कोंबताय? श्रावण नाही, सोमवार नाही, उपास नाही, नुसती थीम काढून घेतली तर हातात काय राहिलं, सुविचार.

लोकवेडी

उंटावरचा, तुमचं ते शेवटचं वाक्य एकदम मान्य, बाकीचं अर्धंच.

बोहॅननबाईंचा लेख मलाही आवडतो पण त्यातून उलटंही दिसतं की. ते म्हातारे गोष्ट सोडून उठले का? नाही, बिअर पीत शेवटपर्यंत ऐकली आणि वाद घातला. ज्या प्रश्नावर ते वाद घालत होते, थोरल्याशी धाकट्याने कसं वागावं, मेलेल्या माणसाचं देणं कोणी फेडायचं, तो प्रश्न त्यांचाही होता. उत्तर वेगळं. मला वाटतं वैश्विक असतो तो प्रश्न, उत्तर ज्या त्या गावचं.

माझ्या आवडीचं उदाहरण मिठाचं. राजा मुलींना विचारतो मी तुम्हाला किती आवडतो, कोणी म्हणते साखरेइतके, कोणी मधाइतके, धाकटी म्हणते मिठाइतके, आणि राजा तिला हाकलून देतो. माझी आजी सांगायची ही. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ह्या प्रकाराला चक्क नंबर आहे, ९२३. त्यातलंच तीन मुली आणि फसलेला बाप हे कथानक बाराव्या शतकातल्या ब्रिटनच्या इतिहासकथांत आलं, तिथून फिरत फिरत १६०६ च्या सुमारास शेक्सपिअरचं 'किंग लियर' झालं, आणि ते आपल्याकडे १९७० मध्ये शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये आलं. पण काय होऊन आलं बघा. राज्य नाही, युद्ध नाही, आहे फक्त बेलवलकर ह्या निवृत्त नटाची प्रॉव्हिडंट फंडाच्या जगातली पुंजी आणि मुलाचं घर, मुलीचं घर. लियरची बायको नाटकात दिसतच नाही, इकडे बेलवलकरांची बायको कावेरी आहे आणि नाटकाचा अर्धा जीव तिच्यात आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कॉर्डेलिया गायब! खरं प्रेम करणारी धाकटी मुलगीच काढून टाकली. तिच्या जागी कोण, तर रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला राजा. म्हणजे लियरमध्ये रक्ताचं एक तरी माणूस शेवटी मिठी मारायला येतं, बेलवलकरांच्या वाट्याला परका पोरगा. १९७० च्या मुंबईपुण्यात हेच जास्त खरं होतं, अजून आहे. प्रश्न तोच, सगळं देऊन बसलेल्या बापाला किंमत काय? उत्तर शिरवाडकरांनी स्वतःचं लिहिलं. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने १९८५ मध्ये ह्याच गोष्टीवर 'रान' हा सिनेमा केला तेव्हा मुलींचे मुलगे केले, आणि बापाच्या तरुणपणीच्या कत्तलींचा हिशोब मांडला, म्हणजे परत उत्तर वेगळं.

उंटावरचा

प्रश्न वैश्विक, उत्तर गावचं. ठीक आहे, उंटावरून एक पाय खाली.

अदिती_म

मी जरा वेगळं विचारू का, कोणी रागावू नका. बारा_म्हशींनी लिहिलेली यादी परत वाचली. पोरांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गुरांना चारा घातला, मग पूजा. म्हातारीने स्वतः काय खाल्लं? कहाणीत नाहीच. ज्यांचा पहिला हक्क आहे त्यांना आधी द्या, मास्तरांचं सूत्र छान आहे, पण त्या हक्काच्या यादीत तिचं नाव कुठेय? आमच्या घरी आई श्रावणी सोमवारी दिवसभर उपास करून संध्याकाळी सगळ्यांना गरम वाढून सगळ्यात शेवटी जेवायची आणि मधल्या वेळात हीच कहाणी वाचायची. आम्ही ऐकत ऐकत साबुदाण्याची खिचडी खायचो.

कहाणी चुकीची आहे असं नाही म्हणत मी. पण थीम काढताना गोष्ट काय बोलते तेवढंच बघायचं का, कशाबद्दल गप्प आहे तेही बघायचं?

मंजिरी_प

अदिती, वाचून पाचेक मिनिटं नुसती बसले. माझी सासू अजून शेवटी जेवते.

जुना_मास्तर

अदितीताई, एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. उपास होता असं म्हणून सुटका करून घेता येईल पण तो पळपुटेपणा होईल. एवढंच सांगतो की कहाणीतली तीच एक आहे जी राजाने पकडल्यावर त्याच्या तोंडावर सांगते, तुझ्या हुकुमाने वासरं नि पोरं तळमळली, देवाला हे आवडत नाही. आधी घाबरते, अभय मागून घेते आणि मग सांगते. कहाण्या लिहिणाऱ्या वाचणाऱ्या बायकाच, त्यांनी तिला निदान बोलू दिलंय. जेवू मात्र घातलं नाही, हे खरं.

सायली_जर्सी

सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले, मराठी वाचायला तिला वेळ लागतो. गाढवाची गोष्ट तिला सगळ्यात आवडली. नवं वाक्य तिने स्वतः केलं, मी हात लावला नाही, साधारण असं की 'ज्यांना आधी मिळायला हवं त्यांच्याकडून काढून घेतलेलं दान पोचत नाही'. मी म्हटलं छान. तर म्हणते, पण आजीला विचार ना म्हातारी काय जेवली. अदिती, तुझा परिणाम!

आता दुसरा भाग अडलाय, स्वतःची गोष्ट. तिने लिहिलेला पहिला मसुदा असा आहे की एक श्रीमंत माणूस देवळाला सोन्याचा कळस देतो आणि एक गरीब बाई फूल देते आणि शेवटी पुजारी सगळ्यांना समजावून सांगतो की खरं दान कोणतं. मला कंटाळा आला वाचताना, तिलाही लिहिताना आला असं म्हणाली. काय करावं?

रेघोट्या

पुजाऱ्याला नोकरीवरून काढा, हे पहिलं.

गंमत नाही, माझ्याच चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी कथा लिहायला बसलो, ठरवलंच होतं की 'महानगरातला एकटेपणा' ही थीम. नायक खिडकीत उभा राहून एकटेपणावर विचार करायचा, बायको फोनवर एकटेपणावर बोलायची, लिफ्टमधला म्हातारासुद्धा दोन वाक्यं टाकायचा. साभार परत आली, संपादकांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की तुमच्या कथेत सगळे एकटे आहेत पण सगळे सारखे बोलतायत. दोन दिवस रागात होतो.

मग एकदा माझ्या काकांकडे गेलो, काकू जाऊन वर्ष झालेलं. ओट्यावर दोन कप पालथे होते. मी म्हटलं कोणी आलं होतं का, तर म्हणाले नाही रे, दोन धुतो, सवय आहे, एकच धुतला की हात रिकामा वाटतो. घरी येऊन त्या दोन कपांवर तीन पानं लिहिली, एकटेपणा हा शब्द कुठेही नाही. ती छापून आली.

तेव्हापासून मी थीम आधी ठरवत नाही, ठरवली तरी कागदावर येऊ देत नाही. लेकीला सांगा, देऊळ सोड, तुला जे रोज दिसतं त्यातलं घे. तिच्या शाळेत, बसमध्ये, कुणाला कुणाकडून काय काढून घेताना तिने पाहिलंय? आणि चांगल्या हेतूने काढून घेताना, कारण कहाणीतला राजा वाईट नाहीये, शिवभक्त आहे, तीच तर खोच आहे.

बारा_म्हशी

रेघोट्या म्हणतात ते बरोबर. एक वस्तू घ्यायला सांगा, हातात धरता येईल अशी. कहाणीत ते खुलभर दूध आहे म्हणून गोष्ट लक्षात राहिली, नुसती भक्ती असती तर विसरलो असतो.

ठोंब्या

इतकं दूध दूध चाललंय आणि खरवसाचा विषय कोणीच काढत नाहीये, मला ह्या संस्थळाची काळजी वाटते.

सायली_जर्सी

झालं! आज दिलं शाळेत. मी न सांगता तिने काय लिहिलं ते ऐका.

इकडे शाळांमध्ये नोव्हेंबरच्या आसपास फूड ड्राइव्ह असतो, गरजूंसाठी डब्यातलं अन्न गोळा करतात, घेवड्याचे, मक्याचे, सूपचे डबे. ज्या वर्गाचे सगळ्यात जास्त डबे त्यांना पिझ्झा पार्टी. तिच्या गोष्टीत एक वर्ग आहे, त्यांच्या बाई खूप चांगल्या आहेत, फळ्यावर रोज आकडा लिहितात, कुणी किती आणले ते नावापुढे. एक मुलगा रोज दोन डबे आणतो, टाळ्या मिळतात. शेवटच्या दिवशी त्याची छोटी बहीण, पहिलीतली, मधल्या सुट्टीत त्या खोक्यापाशी येते आणि आत वाकून शोधायला लागते. बाई विचारतात काय हवंय, तर ती म्हणते आमचा सूपचा डबा, त्याला कोपऱ्यात पोचा आहे, तो ओळखेन मी.

एवढंच. संपली गोष्ट. मी म्हटलं अगं पुढे बाई काय म्हणाल्या, तर म्हणे पुजाऱ्याला काढून टाकलंय ना आपण.

रेघोट्या

पोचा आलेला डबा. मी आता लिहिणं सोडतो.

अदिती_म

❤️ आणि आजी काय म्हणाली? म्हातारीच्या जेवणाचं?

सायली_जर्सी

आजी आधी हसली, मग म्हणाली देवाला दाखवलेला नैवेद्य खाल्ला असेल. मग थोडा वेळ गप्प, आणि म्हणाली ह्या वर्षी वाचताना मी तेवढी एक ओळ पदरची घालीन, कोण बघतंय.

लोकवेडी

घाला म्हणावं! कहाण्या अशाच वाढल्यात. पाच वर्षांनी कोणीतरी ती ओळ 'मूळ संहितेत' शोधेल.

ठोंब्या

चर्चा संपली असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ. बारा_म्हशी, चीक मिळेल का? पुण्यात डेअरीत विचारलं तर म्हणे पावडर घ्या. खरवस करायचाय, पैसे आधी पाठवतो, बोला किती.

बारा_म्हशी

विकत नाही हो चीक. व्यायल्यावर पहिल्या तासादोन तासात वासराच्या पोटात गेला पाहिजे, पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा तरी, नाहीतर ते तगत नाही. त्याचं भागून उरला तर शेजारी वाटतो.

ठोंब्या

तुमच्या शेजारी जागा बघतोय मग.